पणजोबांच्या नावावरचा हक्क

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीला इटली हा देश आता परका राहिलेला नाही. तस्कनी प्रांतातील पोंतेदेरा या गावी जिचे मूळ आहे त्या पियाजिओ कंपनीची तीनचाकी वाहने गेल्या शतकाच्या अखेरीपासून येथे तयार होऊ लागली, २०१२ साली त्यांच्या जोडीस व्हेस्पा स्कूटर आली, आणि पिडमाँट प्रांतातील आल्बा या गावातून जगभर पसरलेल्या फेरेरो कंपनीचा कारखाना येथे उभा राहिल्यावर लहान मुलांच्या हातातील चॉकलेटवरही बारामतीचा पत्ता छापला जाऊ लागला. या कारखान्यांत पाळीवर जाणारे तरुण माळेगाव, सुपे, भवानीनगर, भिगवण अशा गावांतले. त्यांच्यापैकी एखादा पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मिलान-तुरीनकडे गेला, की तेथे त्याच्या कानांवर एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट येते. शेजारच्या खोलीत राहणारा ब्राझीलचा किंवा अर्जेंटिनाचा मनुष्य, ज्याला इटालियन भाषेची चार वाक्येही धड बोलता येत नाहीत, तो केवळ आपले पणजोबा शंभर वर्षांपूर्वी जेनोवाच्या बंदरातून जहाजावर चढले होते एवढ्या आधारावर इटलीचा पूर्ण नागरिक असतो. आणि आपल्याला मात्र वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वी पोलीस कचेरीत नूतनीकरणाचा अर्ज घेऊन उभे राहावे लागते.

हा प्रकार इंदापूर-बारामतीच्या माणसाला प्रथम अन्यायाचा वाटला तरी समजण्यास कठीण जाऊ नये, कारण पूर्वजांच्या नावावरून हक्क सिद्ध करण्याची कला या मुलखाइतकी क्वचितच कोठे मुरलेली असेल. पुणे, सुपे, इंदापूर व चाकण हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीतले; मालोजीराजांची गढी इंदापुरात. त्या काळापासून पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी या वतनांचे वाद गोतसभेपुढे येत, वृद्ध साक्षीदार वादी-प्रतिवादींची वंशावळ सांगत, महजर लिहिला जाई, आणि त्याच्याखाली पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढला जाई. स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी वतने खालसा केली, तथापि वंशावळीचे महत्त्व त्यामुळे कमी झाले असे म्हणता येणार नाही. आज जातीचा दाखला काढणाऱ्या विद्यार्थ्याला मानीव दिनांकाचा पुरावा द्यावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवसाच्या आधी आपला बाप, आजा वा चुलत आजा या राज्यात राहत होता हे शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातून किंवा कोतवाल बुकातील नोंदीतून काढून दाखवावे लागते; आणि २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींच्या शोधात तहसील कचेऱ्यांतील मोडी दप्तरे जितकी उलगडली गेली तितकी ती मागल्या दोन पिढ्यांत क्वचितच उलगडली गेली असतील. उजनीच्या जलाशयाखाली ज्यांची शेते व गावे गेली, त्या पळसदेवसारख्या गावच्या कुटुंबांत प्रकल्पग्रस्ताचा दाखला ही एक स्वतंत्र मिळकतच होऊन बसली आहे; मूळ खातेदाराशी आपले नाते वंशावळीने सिद्ध करणाऱ्या वारसाला शासकीय सेवेतील गट क व गट ड या पदांत पाच टक्के समांतर आरक्षणाचा लाभ मागता येतो. एका बुडालेल्या सातबाऱ्यावरील नाव अशा रीतीने नातवाच्या नोकरीच्या अर्जापर्यंत पोहोचते.

इटलीच्या कायद्याने हेच तत्त्व राष्ट्राच्या पातळीवर नेले. १७ मार्च १८६१ रोजी इटलीचे एकीकरण होऊन राज्याची घोषणा झाली. पण ज्या शेतकऱ्याला हे नवे राष्ट्र मिळाले त्याच्या पोटाला ते मिळालेच नाही. व्हेनेतोतील कोरडवाहू तुकड्यांवरून आणि दक्षिणेकडील जमीनदारीच्या जाचातून माणसे लोंढ्यांनी बाहेर पडली. १८७६ ते १९७६ या शतकभरात सुमारे २ कोटी ६० लक्ष इटालियनांनी देश सोडला असे मानले जाते. कोणी साओ पाउलोच्या कॉफीच्या मळ्यांवर गेला, कोणी ब्वेनोस आयर्सच्या गोदीत, कोणी न्यूयॉर्कच्या बांधकामावर. गेलेल्या या लेकरांशी संबंध तुटू नये, त्यांनी धाडलेला पैसा व त्यांचे प्रेम दोन्ही मायदेशाकडे वाहत राहावे, या हेतूने १९१२ च्या ५५५ क्रमांकाच्या कायद्याने नागरिकत्व रक्ताच्या मार्गाने चालत राहील अशी व्यवस्था पक्की केली. इटालियन बापाचे मूल, मग ते जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात जन्मो, इटालियनच. पिढ्यांची मर्यादा कायद्याने घातली नाही. पुढे १९९२ च्या ९१ क्रमांकाच्या कायद्याने दुहेरी नागरिकत्वासही मोकळी वाट करून दिली.

यातील सूक्ष्म मुद्दा असा की असा वंशज नागरिकत्व ‘मिळवत’ नसतो. कायद्याच्या दृष्टीने तो जन्मतःच इटालियन असतो, फक्त त्याची दखल कोणी घेतलेली नसते. वकिलातीत किंवा न्यायालयात तो जो अर्ज करतो तो या जन्मजात स्थितीला मान्यता मिळावी म्हणून. साखळीतील प्रत्येक दुवा मात्र अखंड असावा लागतो. पणजोबांच्या जन्माची नोंद त्यांच्या गावच्या नगरपालिकेच्या किंवा चर्चच्या दप्तरातून, तेथून खाली प्रत्येक पिढीचे जन्म, विवाह व मृत्यू यांचे दाखले, आणि पणजोबांनी आपल्या मुलाच्या जन्मापूर्वी परकीय नागरिकत्व पत्करले नव्हते याचे प्रमाणपत्र, असा सगळा दस्तऐवज साक्षांकन व अधिकृत भाषांतरासह मांडावा लागतो. जोवान्नीचा ब्राझीलमध्ये जुआंव झालेला असतो आणि अर्जेंटिनात हुआन; आडनावातील एखादे अक्षर बंदरावरच्या कारकुनाने गाळलेले असते. ज्यांनी सातबाऱ्यावरचे ‘गनपत’ आणि शाळेच्या दाखल्यावरचे ‘गणपतराव’ हे दोघे एकच इसम आहेत असे प्रतिज्ञापत्र तहसीलदारापुढे करून दिले असेल, त्यांना या कष्टांची कल्पना अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

मग एवढी यातायात करून लाभते काय? पहिला व सर्वांत मोठा लाभ इटलीपुरता नाहीच. इटलीचा नागरिक हा आपोआप युरोपीय संघाचा नागरिक ठरतो, आणि त्यामुळे सत्तावीस देशांत कोठेही राहण्याचा, नोकरी वा धंदा करण्याचा व शिकण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो. नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन व स्वित्झर्लंड यांच्याशी झालेल्या करारांमुळे त्या देशांतही त्याला जवळजवळ तीच मुभा असते. २००४ च्या युरोपीय निदेशानुसार त्याची पत्नी वा पती, मग तो भारतीय असो की ब्राझिलियन, त्याच्याबरोबर राहू व काम करू शकतो. म्हणजे जर्मनीच्या एखाद्या कारखान्यात कामाला लागण्यासाठी त्याला परवान्याची गरज नाही, विद्यापीठात फी भरताना परदेशी विद्यार्थ्याचा वेगळा दर लागू होत नाही, आणि इटलीत वास्तव्य केल्यास १९७८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे छत्र त्याच्यावर येते. अमेरिकेत नव्वद दिवसांपर्यंत जाण्यास त्याला व्हिसा लागत नाही. ज्या देशात इटलीची वकिलात नसेल तेथे संकटसमयी संघातील कोणत्याही देशाच्या वकिलातीचे दार त्याला ठोठावता येते. कर मात्र नागरिकत्वावर नसून वास्तव्यावर आहे. त्यामुळे साओ पाउलोत बसून इटालियन झालेल्या मनुष्याला केवळ तेवढ्यावरून इटलीचा आयकर भरावा लागत नाही, आणि सक्तीची लष्करी सेवा २००५ पासून स्थगित असल्याने तीही धास्ती नाही. इटलीच्या संसदेत परदेशस्थ नागरिकांनी निवडून दिलेले आठ प्रतिनिधी व चार सिनेटर बसतात हे सांगितले, की आपल्याकडील अनिवासी बंधूंच्या मनात मत्सर उत्पन्न होणे साहजिक आहे.

लाभांची ही यादी वाचून जो कोणी हुरळून जाईल त्याने त्या कायद्याची दुसरी बाजूही पाहावी. प्रारंभी हे रक्त केवळ पुरुषाच्या अंगी वाहते असे मानले गेले होते. इटालियन स्त्रीने परदेशी पुरुषाशी विवाह करून जन्म दिलेल्या मुलास तिचे नागरिकत्व मिळत नसे. १ जानेवारी १९४८ रोजी प्रजासत्ताकाचे संविधान अमलात आल्यावरही हा भेद मोडून काढण्यास घटनात्मक न्यायालयाला १९७५ व १९८३ असे दोन निर्णय द्यावे लागले, आणि त्या तारखेपूर्वी जन्मलेल्या मुलांचा प्रश्न २००९ साली सर्वोच्च अपील न्यायालयाने सोडवीपर्यंत लोंबकळत राहिला. यावर आपण नाके मुरडण्याचे कारण नाही. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला वंशपरंपरेने भारतीय नागरिकत्व देताना १९५५ च्या आपल्या कायद्यानेही १० डिसेंबर १९९२ पर्यंत केवळ पित्याचेच नागरिकत्व ग्राह्य धरले होते. आई भारतीय असणे पुरेसे नव्हते.

दुसरी अडचण यशातून उत्पन्न झाली. परदेशी वस्तीला असलेल्या नोंदणीकृत इटालियन नागरिकांची संख्या २०१४ मध्ये सुमारे ४६ लक्ष होती ती दहा वर्षांत ६४ लक्षांवर गेली. साओ पाउलो व ब्वेनोस आयर्स येथील वकिलातींत रांगा इतक्या वाढल्या की लोक थेट इटलीच्या न्यायालयांत दावे लावू लागले, आणि ज्या डोंगरी गावांतून पणजोबा निघून गेले होते तेथील नगरपालिकांच्या दोन-चार कारकुनांचा सारा दिवस ब्राझीलहून आलेल्या अर्जांसाठी जुनी जन्मबुके चाळण्यात जाऊ लागला. व्हेनेतोतील वाल दी झोल्दो या छोट्याशा गावच्या नगराध्यक्षाने तर त्रासून नगरपालिकेच्या इमारतीवर ब्राझीलचा ध्वज फडकावून निषेध केला. अखेरीस २८ मार्च २०२५ रोजी इटलीच्या सरकारने ३६ क्रमांकाचा वटहुकूम काढला, त्याचे २३ मे रोजी ७४ क्रमांकाच्या कायद्यात रूपांतर झाले, आणि एका शतकाची अमर्याद वाट दोन पिढ्यांवर आणून थांबवण्यात आली. आता परदेशात जन्मलेल्या व दुसरे नागरिकत्व असलेल्या वंशजाच्या आई-बापांपैकी किंवा आजा-आजींपैकी कोणी एक केवळ इटलीचाच नागरिक असावा लागतो अथवा मृत्यूसमयी तसा असावा लागतो, किंवा त्याच्या जन्माआधी आई वा बाप नागरिक या नात्याने सलग दोन वर्षे इटलीत राहिलेले असावे लागतात. पणजोबा बाद झाले. ज्यांनी २७ मार्चच्या मध्यरात्रीपूर्वी अर्ज दाखल केले होते त्यांचा जुन्या कायद्याने निकाल होईल, बाकीच्यांच्या संदुकींतील कागद रातोरात केवळ कौटुंबिक आठवणी होऊन बसले. वतने खालसा झाली तेव्हा आपल्याकडील कित्येक घरांत काय झाले असेल याची यावरून कल्पना यावी.

आपल्या मराठी-कोकणी मुलखात या कथेची सख्खी बहीण गोव्यात आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव मुक्त झाले. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशांत स्वतः जन्मलेल्या किंवा ज्यांचे आई-बाप वा आजे तेथे जन्मले होते अशा लोकांस भारताने आपले नागरिक केले. मुदतीत लेखी नकार देणारे तेवढे वगळले. उलटपक्षी पोर्तुगालने या विलीनीकरणास ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्यता दिली खरी, परंतु मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेला मनुष्य आपल्या कायद्याने पोर्तुगीजच होता, हे तत्त्व त्याने सोडले नाही. त्यामुळे अशा व्यक्तीचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात दाखल झाला, की तिच्या मुलांना आणि त्यांच्यामार्फत नातवंडांनाही पोर्तुगालचे, म्हणजेच युरोपचे, दार उघडते. हा मार्ग केवळ सासष्टीतील ख्रिस्ती कुटुंबांचा आहे अशी समजूत पुष्कळांची असते ती चुकीची आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी येथील मराठी बोलणाऱ्या हिंदू घरांतील वृद्धांचे जन्मही पोर्तुगीज नागरी नोंदणीच्या त्याच बुकांत लिहिलेले आहेत, आणि कायदा धर्म विचारीत नाही. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर हे गोमंतकीय पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लिस्बनला केवळ वळसा घालून इंग्लंडला जात. स्विंडन या शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. ३१ डिसेंबर २०२० नंतर ती वाट बंद झाली, मात्र त्यापूर्वी पोहोचलेल्यांचे हक्क शाबूत राहिले.

गोमंतकीयाला द्यावी लागणारी किंमत ब्राझीलच्या वंशजाला द्यावी लागत नाही, आणि या विषयावरील पुष्कळसे उत्साही लेखन नेमके तेथेच मौन पाळते. ब्राझीलचा मनुष्य इटालियन होतो तेव्हा त्याचे ब्राझिलियन नागरिकत्व जागच्या जागी राहते; लाभात भर पडते, वजाबाकी होत नाही. भारताच्या १९५५ च्या कायद्यातील कलम ९ मात्र स्पष्ट आहे: ज्याने स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले तो त्या क्षणापासून भारताचा नागरिक राहत नाही, आणि नियमांनुसार परदेशाचा पासपोर्ट हातात असणे हाच त्याचा निर्णायक पुरावा. केवळ लिस्बनला जन्म नोंदवला आणि पासपोर्ट घेतलाच नाही तर काय, यावर गोव्यात वकिलांचे व राजकारण्यांचे वाद वर्षानुवर्षे झडले आहेत. पासपोर्ट घेतला की मतदानाचा हक्क गेला, निवडणूक लढवण्याचा हक्क गेला, शासकीय नोकरी गेली. म्हणून आपल्याकडे वंशाच्या नागरिकत्वाला ‘लाभ’ म्हणण्यापेक्षा अदलाबदल म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. ती अदलाबदल फायद्याची की तोट्याची हे ज्याचे त्याने ठरवावे; माझ्या मते एकोणीस वर्षांच्या मुलाने ती एखाद्या मध्यस्थाच्या सांगण्यावरून घाईने करू नये.

वजाबाकीचा काही भाग भारत सरकार ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या रूपाने परत करते, आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ते कार्ड वंशावळीवरही मिळते. २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर जो भारताचा नागरिक होता तो स्वतः, त्याची मुले, नातवंडे व पतवंडे त्यास पात्र आहेत. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये तेथील भारतवंशीयांसाठी ही मर्यादा सातव्या पिढीपर्यंत वाढवल्याची घोषणा केली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिया म्हणून तेथे गेलेल्या कोकण-देशावरील मराठी कुटुंबांच्या वंशजांनाही मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील जुनी जहाजनोंद नव्याने उपयोगी पडू लागली. ओसीआय कार्डाने आयुष्यभर व्हिसावाचून भारतात येता-राहता येते आणि बहुतेक आर्थिक व शैक्षणिक व्यवहार करता येतात. मतदान नाही, शासकीय पद नाही. आणि बारामती-इंदापूरच्या दृष्टीने सर्वांत मोलाची अट अशी की शेतजमीन विकत घेता येत नाही. नीरा डाव्या कालव्याखालचा वडिलोपार्जित ऊस मात्र वारसाने कार्डधारकाकडे येऊ शकतो, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव लागते. पुढे तो विकावयाचा झाला तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावा लागतो.

इटलीकडे पुन्हा वळावयाचे तर पो नदीच्या खोऱ्यात, जेथे जगप्रसिद्ध पार्मेझान चीज तयार होते, तेथील गोठ्यांत गेली कित्येक वर्षे पंजाबचे शीख मजूर गाई दोहतात. त्यांची मुले तेथेच जन्मतात, तेथील शाळेत शिकतात, तेथील बोलीत भांडतात. या मुलांना मात्र जन्माने नागरिकत्व नाही: आईबापांना अर्जापूर्वी दहा वर्षे कायदेशीर वास्तव्य दाखवावे लागते, आणि सतत तेथेच राहिलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर एक वर्षाच्या आत स्वतंत्र अर्ज करता येतो. ही दहा वर्षे पाचावर आणावीत यासाठी ८ व ९ जून २०२५ रोजी सार्वमत झाले. निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान करणे आवश्यक असताना सुमारे तीस टक्केच आले, आणि प्रश्न तेथेच राहिला. पणजोबांच्या कबरीवर आधारलेल्या हक्कापेक्षा गोठ्यात भल्या पहाटे उठणाऱ्याचा हक्क कमी कसा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला तरी कोठे आढळले नाही. अर्थात भारतानेही जन्मभूमीचे तत्त्व हळूहळू सोडले आहे. १ जुलै १९८७ पासून येथे जन्मलेल्या मुलाच्या आईबापांपैकी एकाने भारतीय असावे लागते, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो.

त्यामुळे तुरीन किंवा मिलानला नोकरीवर असलेल्या आपल्या तालुक्यातील जोडप्याला तेथे अपत्य झाले, तर ते मूल इटालियनही होत नाही आणि आपोआप भारतीयही होत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशी जन्मलेल्या मुलाचा जन्म एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवावा लागतो आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांना लेखी द्यावे लागते. मुदत उलटली तर केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. उत्तर इटलीत राहणाऱ्यांसाठी ही नोंद मिलानमधील भारताच्या महावाणिज्य दूतावासात होते, आणि अर्जासोबत लागतात ते जन्मदाखला, आईबापांचे पासपोर्ट व विवाहाचा दाखला हेच कागद.